प्रवासाची शिदोरी आणि नाजूक पचनशक्ती

आपल्या देशात दूरचा प्रवास म्हटला की शिदोरी आलीच. गुजरातमधील कुटुंब थेपले व खाखरे बांधून घेते, बिहारमधील प्रवाशाजवळ सातू असतो, बंगालमध्ये मुडी, तर तमिळनाडूत चिंचेचा भात. प्रदेशागणिक पदार्थ बदलतात. त्यांच्यामागील विचार मात्र एकच असतो, तो म्हणजे अन्न वाटेत नासू नये. निरोगी माणसाला एवढा विचार पुरतो. ज्याची पचनशक्ती नाजूक आहे, त्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पदार्थ टिकेल हे खरे, पण तो सोसेल काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण प्रवासात दिवसभर उपाशी राहतात, तर काही जण पोटाच्या धास्तीने प्रवासच टाळतात.

अन्न न सोसण्याची कारणे प्रथम पाहू या. आपण खाल्लेली काही कर्बोदके लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात, सोबत पाणी ओढून घेतात, आणि तेथील जंतू त्यांना आंबवून वायू निर्माण करतात. ही क्रिया सर्वांच्याच पोटात चालते. परंतु ज्यांचे आतडे अधिक संवेदनशील असते, त्यांना त्यामुळे पोट फुगणे, कळ येणे वा जुलाब होणे असा त्रास होतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 साली अशा कर्बोदकांना ‘फॉडमॅप’ या एका नावाखाली एकत्र आणले. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा यांत ती पुष्कळ असतात. दुधातील शर्कराही त्यांपैकीच एक होय. ती पचविणारे विकर प्रौढ वयात अनेकांच्या शरीरात कमी होते. याशिवाय, स्निग्ध पदार्थ जठरात अधिक वेळ रेंगाळतात, आणि बसून केलेल्या लांबच्या प्रवासात हा जडपणा विशेष जाणवतो.

आता शिदोरीकडे वळू. अन्नातील पाणी कमी केले की जंतूंची वाढ खुंटते; म्हणून तळलेले, भाजलेले व वाळविलेले पदार्थ टिकतात. परंतु शेव, फरसाण, चकली यांत बहुधा हरभऱ्याचे पीठ आणि तेल दोन्ही असतात. ते टिकतात खरे, पण नाजूक पोटाला सोसत नाहीत. सातू पौष्टिक व स्वस्त आहे, तथापि तोही बहुधा हरभऱ्याचाच असल्याने ज्यांना वायूचा त्रास आहे त्यांनी तो बेताने घ्यावा. थेपले व खाखरे गव्हाचे असतात. ज्यांना गहू चालतो त्यांना कमी तेलाचा खाखरा उत्तम.

याच्या उलट बाजूस मऊ भात, खिचडी व दहीभात हे पदार्थ येतात. पोटाला ते हलके, पण ओलसर असल्यामुळे लवकर बिघडतात. शिजविलेल्या भातात ‘बॅसिलस सेरेअस’ नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात उबदार हवेत पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे वांती घडविणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. शिजविलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा असे पदार्थ घरून खाऊनच निघावे. इडली वाफवलेली व जवळजवळ बिनतेलाची असते, आंबविण्यामुळे उडदातील वायुकारक शर्कराही काही प्रमाणात कमी होतात. पण तीही प्रवासाच्या आरंभीच संपवावी.

टिकणे आणि सोसणे हे दोन्ही गुण ज्यांत आहेत असे पदार्थ थोडे, पण स्वस्त व सर्वत्र मिळणारे आहेत. तांदळातील पिष्ट लहान आतड्यात जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. त्यामुळे साळीच्या लाह्या, चुरमुरे आणि कोरडे भाजलेले पोहे यांना पहिला मान द्यावा. त्यांना जिरे, हळद व मीठ लावून किंचित तेलावर परतावे; कांदा-लसूण घालू नये. मूठभर भाजलेले शेंगदाणे त्यांत मिसळले की भूक अधिक वेळ भागते. फळांत केळे सोयीचे, कारण त्याची सालच त्याचे वेष्टन असते. मात्र ते फार पिकलेले नसावे, कारण पिकण्याबरोबर न शोषली जाणारी कर्बोदकेही त्यात वाढतात. ‘साखरविरहित’ गोळ्या टाळाव्यात. त्यांतील सॉर्बिटॉलसारख्या द्रव्यांनी जुलाब होऊ शकतात.

तरीही प्रत्येकाचे पोट वेगळे असते. नवा पदार्थ प्रवासात प्रथमच खाऊ नये. आठवडाभर आधी घरी थोडा खाऊन पाहावा. वाटेत एकदम पोटभर न खाता दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे व खात्रीचे पाणी पीत राहावे. उपाशी राहण्याने प्रश्न सुटत नाही. नंतर एकदम खाल्लेले जेवण अधिकच बाधते.

शेवटी एक इशारा देणे अवश्य आहे. शौचावाटे रक्त पडणे, कारणाविना वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब वा ताप ही नुसत्या नाजूक पोटाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी शिदोरी बदलत न बसता वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे.