मुहूर्त सांभाळताना साखरही सांभाळा

जळगाव/धुळे : आखाजी जवळ आली की खान्देशात गावोगावी मांडव उभे राहतात आणि छायाचित्रकारांच्या डायऱ्या भरू लागतात. एप्रिल-मे या दोन महिन्यांतील लग्नसराई म्हणजे या व्यवसायाचा सुगीचा काळ होय. वर्षभराच्या घरखर्चाची, कॅमेऱ्याच्या हप्त्यांची आणि मुलांच्या शुल्काची बेगमी याच दिवसांत करावी लागते. नेमक्या याच दिवसांत जळगाव, भुसावळ, धुळे परिसरातील पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. निरोगी माणसाचीही कसोटी पाहणारा हा काळ मधुमेह असलेल्या छायाचित्रकारासाठी अधिकच अवघड ठरतो.

मधुमेह हा आता दुर्मीळ आजार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के भरते. तेव्हा मांडवात कॅमेरा घेऊन धावपळ करणाऱ्यांमध्येही मधुमेही असणारच, हे ओघाने आले. या आजारात वेळेवर जेवण, वेळेवर औषध आणि पुरेशी झोप या तीन गोष्टी पथ्याच्या मानल्या जातात. लग्नाचे छायाचित्रण हा व्यवसाय नेमक्या याच तीन गोष्टी हिरावून घेतो. व्यवसाय सोडणे बहुतेकांना परवडणारे नसते. म्हणून आजार आणि काम यांची सांगड कशी घालावी, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

शेवटच्या पंगतीचा मानकरी

हळदीपासून पाठवणीपर्यंत छायाचित्रकाराला उसंत नसते. नाश्त्याच्या वेळी नवरदेवाची तयारी सुरू असते, जेवणाच्या वेळी व्यासपीठावर आहेर आणि शुभेच्छांची रांग लागलेली असते. ‘दादा, एवढा एक फोटो’ असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी होत नाही आणि दादा शेवटच्या पंगतीला बसतात. रोलचे दिवस होते तेव्हा छत्तीस फोटो झाले की रोल बदलण्यासाठी का होईना, हात थांबत असे. डिजिटल कॅमेऱ्याने तेवढीही सक्तीची विश्रांती ठेवलेली नाही.

मधुमेहाच्या दृष्टीने खरी अडचण येथे सुरू होते. सकाळी घेतलेली गोळी किंवा इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाही, ते आपल्या वेळेला आपले काम करते. पोटात अन्न नसेल तर रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली उतरते. ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये तो बराच कमी असतो. म्हणून आपण घेतो ती गोळी कोणत्या गटातील आहे, हे प्रत्येकाने डॉक्टरांकडून एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे, भूक लागणे, चिडचिड होणे अशी लक्षणे दिसू लागतात. ५४ च्या खाली गेल्यास गोंधळल्यासारखे होणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे इथवर मजल जाऊ शकते. मे महिन्यातील मांडवात घाम सर्वांनाच येत असतो. त्यामुळे हा घाम उन्हाचा की साखर उतरल्याचा, हे ओळखणे कठीण जाते. फोटो हलू लागले, नेहमीची बटणे सापडेनाशी झाली, सहकाऱ्यावर विनाकारण राग येऊ लागला, तर उन्हाला दोष देण्यापूर्वी साखर तपासावी. तपासणे शक्य नसल्यास ती उतरली आहे असे समजूनच उपाय करावा.

उपाय साधा आहे. सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन ते चार लहान चमचे साखर अथवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे आणि गरज भासल्यास तोच उपाय पुन्हा करावा. बरे वाटल्यावर पोळी, भाकरी असे काही खाऊन घ्यावे. लग्नघरात पेढा आणि चॉकलेट सहज हाती लागतात. परंतु त्यांतील स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. जळगावकरांच्या हाती नेहमीच असलेले केळे नंतरच्या खाण्यासाठी चांगले असले, तरी तातडीच्या क्षणी ग्लुकोजच उपयोगी पडते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, तो पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे अथवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधालाही ऊन लागते

न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारणपणे २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत प्रत्येक प्रकाराच्या वेष्टनावर दिलेली असते. दुपारच्या उन्हात उभी असलेली मोटार किंवा दुचाकीची डिकी या मर्यादेच्या कितीतरी पुढे तापते. कॅमेऱ्याच्या काळ्या बॅगेत बॅटऱ्यांच्या शेजारी ठेवलेल्या पेनाचीही तीच गत होते. उष्णतेने निकामी झालेले इन्सुलिन अनेकदा दिसायला जसेच्या तसे असते, त्याचा गुण मात्र कमी झालेला असतो. याउलट थेट बर्फात ठेवल्याने ते गोठले, तरीही ते वाया जाते.

यावरील घरगुती उपाय खान्देशला नवा नाही. एका मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि वर ओले फडके टाकावे. पाण्याचे बाष्पीभवन होताना आतील भांडे थंड राहते. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे येथे ही युक्ती चांगली लागू पडते, पावसाळ्यातील दमट हवेत तिचा प्रभाव घटतो. प्रवासात याच तत्त्वावर चालणाऱ्या, पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या मिळतात. त्याही नसतील तर पेन ओल्या रुमालात गुंडाळलेल्या छोट्या डब्यात ठेवून सावलीच्या खोलीत एखाद्या खात्रीच्या माणसाकडे सोपवावे.

साखर मोजण्याच्या यंत्राच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. बहुतेक यंत्रे सुमारे ४० अंशांपर्यंतच भरवशाचे आकडे देतात. त्यापुढे ती चूक दाखवतात किंवा भलताच आकडा देतात. म्हणून उघड्या मांडवाऐवजी पंख्याखालच्या खोलीत, हात धुऊन तपासणी करावी. बोटाला पेढ्याचा किंवा आमरसाचा अंश लागलेला असला, तरी आकडा खोटा वाढतो.

उन्हात पाणी कमी पिणे हाही छायाचित्रकारांमधील एक दोष आहे. मुहूर्ताच्या वेळी लघवीला जाण्याची पाळी येऊ नये, म्हणून अनेकदा मुद्दामच पाणी टाळले जाते. साखर वाढलेली असताना शरीर लघवीवाटे आणखी पाणी गमावते आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचे कामच मुळी साखर लघवीवाटे बाहेर टाकण्याचे असते. अशी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात किती पाणी प्यावे, उलट्या-जुलाब झाल्यास गोळी थांबवावी का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. तहान भागवण्यासाठी पाणी आणि बिनसाखरेचे ताक उत्तम. उसाचा रस आणि गुळाचे पन्हे मात्र तहान भागवता भागवता साखर चढवतात.

दोष लेन्सचा की डोळ्याचा?

छायाचित्रकाराचे खरे भांडवल म्हणजे त्याचे डोळे. साखरेत मोठे चढउतार झाले की डोळ्यातील नैसर्गिक भिंग फुगते अथवा आकसते आणि दिसण्यात फरक पडतो. व्ह्यूफाइंडरमधील चित्र अस्पष्ट वाटते, मग शेजारची डायॉप्टरची चकती फिरवली जाते. आठवड्याने ती पुन्हा उलट फिरवावी लागते आणि संशय लेन्सवर जातो. चकती वारंवार फिरवावी लागत असेल, तर कॅमेरा दुरुस्तीला टाकण्यापूर्वी साखर तपासून घेणे शहाणपणाचे. साखर अस्थिर असताना चष्म्याचा नंबरही काढू नये, तो नंबर टिकत नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे दृष्टिपटलाचा विकार. यात डोळ्याच्या मागील पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात आणि सुरुवातीला कोणतेही लक्षण जाणवत नाही. जाणवू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून ‘मला व्यवस्थित दिसते’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. वेळीच आढळल्यास लेझर आणि डोळ्यातील इंजेक्शने यांच्या साह्याने दृष्टी वाचवता येते. थेंब टाकल्यानंतर काही तास अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी ऑर्डर घेऊ नये आणि गाडीही चालवू नये. लग्नसराई सुरू होण्यापूर्वीचा एखादा मोकळा दिवस यासाठी राखून ठेवलेला बरा. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा पडदा ओढल्यासारखे झाले, तर हाती असलेले काम सोडून नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

पाय, खांदे आणि रात्रीचा रस्ता

दहा-बारा तास उभे राहणे हा या कामाचा अटळ भाग. जुन्या मधुमेहात पायांच्या संवेदना मंदावतात. मांडवात विधी सुरू असताना किंवा देवदर्शनाच्या वेळी पादत्राणे काढावी लागतात आणि दुपारची फरशी तव्यासारखी तापलेली असते. इतरांचा पाय चटका बसताच मागे येतो, बधिर झालेला पाय मात्र तेथेच राहतो. रात्री मोजे काढताना फोड दिसतो, तोवर जखम झालेली असते. जाड सुती मोजे जवळ ठेवावेत, विधीच्या वेळी ते काढू नयेत आणि झोपण्यापूर्वी आरशाच्या मदतीने तळपाय पाहण्याची सवय लावून घ्यावी. फोड घरी फोडू नये.

खांदा जखडणे, बोट अडकणे, मनगटातील नस दबून हाताला मुंग्या येणे या तक्रारी मधुमेहींमध्ये अधिक आढळतात. मोठी झूम लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याचे वजन सव्वादोन-अडीच किलोपर्यंत जाते. कडेला मोनोपॉड, दोन्ही खांद्यांवर भार विभागणारा पट्टा, जमेल तेव्हा हलका मिररलेस कॅमेरा आणि भौतिकोपचारतज्ज्ञाने शिकवलेले रोजचे व्यायाम यांचा उपयोग होतो. दुखणारा खांदा न हलवता ठेवला तर तो आणखी जखडतो.

लग्न आटोपल्यावर मध्यरात्री दुचाकीवरून पारोळा-एरंडोलमार्गे धुळे-जळगाव रस्त्याने घरी परतणारे अनेक जण असतात. दिवसभराच्या श्रमानंतर साखर काही तासांनीही उतरू शकते. म्हणून निघण्यापूर्वी तपासणी करणे, काहीतरी खाणे आणि ग्लुकोज डिकीऐवजी खिशात ठेवणे हे तीन नियम पाळावेत.

लपवल्याने आजार लहान होत नाही

‘तब्येत बरी नसते’ असे कळले की ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल, या भीतीपोटी अनेक जण आजाराविषयी बोलत नाहीत. ही भीती निराधार नाही. परंतु किमान सोबतच्या मदतनिसाला तरी सर्व काही ठाऊक असले पाहिजे. ग्लुकोज कोठे आहे, लक्षणे कोणती, कोणाला फोन करायचा, एवढे त्याला सांगून ठेवावे. यजमानांशी ऑर्डर ठरवतानाच जेवणासाठी वीस मिनिटांची वेळ मागून घ्यावी आणि तेवढा वेळ दुसरा कॅमेरा सुरू ठेवावा. असे आधी सांगणे व्यवसायाला शोभणारेच आहे.

चरख्याजवळ बसलेल्या महात्मा गांधींचे १९४६ मधील प्रसिद्ध छायाचित्र टिपणाऱ्या अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५० च्या दशकात त्यांना कंपवाताने ग्रासले. ज्या हातांवर सारी कारकीर्द उभी होती, तेच हात ऐकेनासे झाले. सुरुवातीला त्यांनी आजाराची वाच्यता केली नाही. पुढे मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली, जिद्दीने व्यायाम केले आणि आपली कहाणी जगापुढे मांडली. त्यांचे सहकारी छायाचित्रकार आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी या झुंजीची छायाचित्रे काढली. १९६३ मध्ये बर्क-व्हाइट यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. आजार बरा झाला नाही, पण त्यामुळे त्यांची ओळख पुसली गेली नाही.

खर्चाचा मेळ

छायाचित्रकाराला ना पगारी रजा असते, ना कामगार विम्याचे संरक्षण. त्यामुळे औषधांचा खर्च आणि बुडालेली ऑर्डर असा दुहेरी फटका बसतो. तीस वर्षांवरील नागरिकांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. जनऔषधी केंद्रांत जेनेरिक गोळ्या स्वस्तात मिळतात. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा पहिला टप्पा २०१२ मध्ये, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत धुळ्याचा समावेश होता. मात्र ही योजना ठरावीक उपचार व शस्त्रक्रियांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हे, हे लक्षात घ्यावे. खासगी आरोग्य विमा घेताना मधुमेह लपवू नये, लपवलेला आजार दावा फेटाळण्याचे कारण ठरतो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा अधिक ठेवता येत नाही.

सराई सुरू होण्यापूर्वी ऑर्डरची डायरी घेऊनच डॉक्टरांकडे जावे, हा सर्वांत उपयुक्त सल्ला ठरावा. कोणत्या दिवशी सकाळचे लग्न आहे, कोणत्या दिवशी गोरज मुहूर्त आहे, रात्री किती वाजता सुटका होईल, हे कळले की औषधांच्या वेळा व मात्रा त्याप्रमाणे बसवता येतात. स्वतःच्या मनाने मात्रा कमी करणे किंवा ‘आज लग्न आहे’ म्हणून गोळी टाळणे मात्र घातक ठरू शकते.

शरीराने धावपळ नाकारलीच, तर छायाचित्रणाचे सर्व दरवाजे बंद होतात असे नाही. चाळीसगावचे केकी मूस यांनी हे खान्देशला केव्हाच दाखवून दिले आहे. १९१२ मध्ये जन्मलेल्या या कलावंताने आयुष्यातील अनेक दशके आपल्या घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले. त्यामागचे कारण आजार नव्हते, तो त्यांनी स्वतः निवडलेला एकांत होता. घरातील टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी टेबलटॉप छायाचित्रणात देशविदेशात नाव मिळवले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. चाळीसगावात त्यांचे कलादालन आजही पाहता येते. वस्तूंचे छायाचित्रण, स्टुडिओतील व्यक्तिचित्रे, जुन्या फोटोंची दुरुस्ती, अल्बमची मांडणी ही सारी वेळेवर जेवून करता येण्याजोगी कामे आहेत. लग्नाच्या चार ऑर्डर कमी घेऊन यांपैकी एखादे काम हाती घेतले, तर उत्पन्न एकदम थांबणार नाही आणि पुढच्या सराईला डोळे, हात व पाय साथ देतील.