लोकांचा प्रतिनिधी

पूर्वी राजाचा शब्द हाच कायदा असे. लोकशाहीत कायदे करण्याचे काम लोकांचे प्रतिनिधी करतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेचे २८८ सदस्य मतदार थेट निवडून देतात. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी काहींना आमदार, काहींना स्थानिक स्वराज्य संस्था, तर काहींना शिक्षक व पदवीधर निवडतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांतील १२ जाणकारांची नियुक्ती राज्यपाल करतात. कविवर्य ग. दि. माडगूळकर हे असेच नियुक्त आमदार होते.

विधानसभेसाठी वयाची २५ वर्षे व परिषदेसाठी ३० वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. परंतु म्हणून हे काम सोपे नव्हे. आमदाराने गावोगावी हिंडून लोकांची गाऱ्हाणी ऐकावी, अंदाजपत्रकाचे आकडे तपासावे, मंत्र्यांना प्रश्न विचारावे आणि प्रत्येक विधेयक नीट अभ्यासून मत द्यावे, अशी अपेक्षा असते.

अशा अभ्यासातून काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात पीक बुडाले, की शेतमजुराच्या हाताला काम उरत नसे आणि त्याची चूल थंड पडे. सरकार दुष्काळी कामे काढी. पण ती केव्हा व कोठे काढावयाची, हे सरकारच ठरवी. काम मागणे हा मजुराचा हक्कच आहे, असा विचार पागे यांनी मांडला. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला व पुढे ही योजना राज्यभर पोचली. परंतु योजना सरकारी आदेशाने बंद होऊ शकते. कायद्याने दिलेला हक्क सहजासहजी काढून घेता येत नाही. म्हणून विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमी कायदा केला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. खर्चासाठी पगारदार व व्यावसायिक यांच्यावर १९७५ सालीच व्यवसाय कर बसविण्यात आला होता. २००५ साली संसदेनेही ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला.

सभागृहातील आसन ही मतदारांनी विश्वासाने दिलेली ठेव होय. मुलांनो, त्या आसनावर बसण्याची इच्छा असेल, तर आधी दुसऱ्याचे दुःख ऐकावयास शिका, बोलणे त्यानंतरचे.