भाड्याच्या संगणकांत आपलें दप्तर

व्यापाऱ्याचें दप्तर पूर्वीं त्याच्या पेढीवरच असे. लाल कापडाची वही, तिला गुंडाळलेली दोरी, आणि ती ज्या पेटींत ठेवावयाची त्या पेटीची किल्ली मालकाच्या कमरेस. मुनीम बदलला तरी वही जागची हालत नसे. फार तर नव्या मुनिमास जुन्याचें मोडी अक्षर लावून घेण्यास चार दिवस लागत. पुढें वहीची जागा संगणकानें घेतली, पण तो संगणकहि दुकानांतच होता. आतां चालला आहे तो बदल निराळ्या जातीचा आहे. दप्तर दुकानांतून उठून परक्याच्या जागेंत, परक्याच्या यंत्रांवर, पुष्कळदां परक्याच्याच सॉफ्टवेअरमध्यें राहावयास जात आहे. यासच क्लाउडवर जाणें असें म्हणतात. नांव ढगाचें असलें तरी वस्तु जमिनीवरचीच आहे: मोठमोठ्या इमारती, त्यांत रांगेनें मांडलेले संगणक, आणि ते तापूं नयेत म्हणून अहोरात्र चालणारीं यंत्रें. ॲमेझॉन कंपनीनें साठवणीची व संगणकांची ही भाड्याची सोय २००६ सालीं सुरू केली. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं आणि ॲमेझॉननें २०१६ सालीं आपल्या देशांत केंद्रें उघडलीं, व त्या दोघांचींहि केंद्रें महाराष्ट्रांत आहेत.

यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं, दुकानांतील संगणक बिघडला तरी हिशेब बुडत नाहीं, काम वाढलें कीं जागा वाढवून मिळते. हे गुण खरे आहेत, आणि ते सांगावयास विक्रेत्याचा माणूस आपण होऊन दारीं येतो. बाहेर पडण्याची वाट मात्र आपणच विचारावी लागते. ती वाट इतकी अवघड वा खर्चाची होऊन बसते कीं, भाडें वाढो, सेवा बिघडो, मनुष्य तेथेंच राहतो. या स्थितीस व्यवहारांत व्हेंडर लॉक-इन म्हणतात. आपण विक्रेत्याच्या दावणीस बांधलें जाणें म्हणूं.

ही दावण सर्वत्र सारखी घट्ट नसते. शहरांत एकटा राहणारा मनुष्य रिकामी खोली भाड्यानें घेतो, सामानासकट खोली घेतो, किंवा खोलीची उठाठेव न करतां खानावळींत जेवतो. क्लाउडचेहि साधारण असेच तीन प्रकार आहेत. केवळ संगणक भाड्यानें घेतला आणि त्यावर आपलें सॉफ्टवेअर चालविलें, तर उद्यां तें उचलून दुसरीकडे मांडतां येतें. त्या कंपनीनें स्वतः घडविलेलीं खास साधनें वापरून काम उभारलें, तर तीं साधनें दुसऱ्याकडे मिळत नाहींत व काम पुष्कळ अंशीं नव्यानें करावें लागतें. तिसऱ्या प्रकारांत सॉफ्टवेअरहि त्यांचेंच असतें. आपण महिना भरावा आणि वापरावें. खानावळ सोडतांना आचाऱ्याची कृति बरोबर येत नाहीं, तसेंच हें. आपला असतो तो केवळ शिधा, म्हणजे माहिती. आणि ती कोणत्या रूपांत परत मिळेल यावर सारें अवलंबून असतें.

माझा एक जुना विद्यार्थी औषधांचा घाऊक व्यापार करतो. त्यानें एका कंपनीचें मासिक वर्गणीचें सॉफ्टवेअर घेतलें होतें. तीन वर्षांनीं दर वाढले, तेव्हां त्यानें आपली माहिती मागितली. ती मिळाली, पण कशी? हजारों पानांच्या पीडीएफ फायली. म्हणजे छापील पानांचीं चित्रेंच म्हणा ना. औषधाच्या धंद्यांत प्रत्येक मालाचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख हींच महत्त्वाचीं, आणि तीं त्या चित्रांत अडकून पडलेलीं. नवें सॉफ्टवेअर तीं आपोआप उचलीना. हातानें उतरवून घ्यावयाचीं, तर एक आंकडा चुकला कीं मुदत संपलेलें औषध चांगल्यांत जावयाचें. त्यानें निमूटपणें आणखी एक वर्षाची वर्गणी भरली. कंपनीनें करार मोडला होता असें नाहीं. माहिती परत देऊं एवढेंच करारांत होतें, कोणत्या रूपांत देऊं तें नव्हतें.

माहितीच्या रूपाचें महत्त्व जुन्या प्रवाशांस सांगावयास नको. मनमाडास मुंबईकडील रुंद रूळ आणि निजामाच्या राज्यांतून येणारे मीटर रूळ एकत्र येत. मधलें अंतर थोडें, पण डबा पुढें जात नसे. प्रत्येक पोतें हमालाच्या पाठीवरून एका गाडींतून दुसरींत जाई. माहितीचे रूळहि असेच सर्वांचे सारखे असलेले बरे. कोष्टकें सीएसव्हीसारख्या साध्या रूपांत मिळालीं तर कोणतेंहि सॉफ्टवेअर तीं वाचूं शकतें. साठवणीसाठीं पोस्टग्रेएसक्यूएलसारखा मुक्त डेटाबेस वापरला, तर तोच बहुतेक सर्व मोठ्या कंपन्यांकडे आणि स्वतःच्या संगणकावरहि चालतो. पत्रव्यवहाराचा पत्ताहि आपल्या मालकीच्या डोमेन नांवाचा असावा, म्हणजे टपालाची कंपनी बदलली तरी गिऱ्हाइकांस नवा पत्ता कळवीत बसावें लागत नाहीं.

वाटखर्चाचें गणितहि पाहण्यासारखें आहे. माहिती आंत नेण्यास बहुधा कांहीं पडत नाहीं. बाहेर काढण्यास आकार पडतो. ॲमेझॉनचा अमेरिकेंतील दर, आरंभींची थोडी सूट सोडल्यास, पहिल्या टप्प्यास दर गिगाबाइटास नऊ सेंट असा कित्येक वर्षें राहिला आहे. म्हणजे दहा हजार गिगाबाइट बाहेर काढावयाचे तर सुमारे नऊशें डॉलर. २०२४ सालीं गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनींहि, कायमचें सोडून जाणाऱ्या ग्राहकास हा आकार माफ करण्याचें जाहीर केलें. मात्र त्यासाठीं अगोदर रीतसर कळवावें लागतें. हें औदार्य अगदीं आपोआप सुचलें असें मला वाटत नाहीं. युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट त्याच वर्षीं जानेवारींत अमलांत आला होता. १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या तरतुदींप्रमाणें तेथील ग्राहकास जास्तींत जास्त दोन महिन्यांच्या सूचनेनें सेवा बदलतां येते, आणि १२ जानेवारी २०२७ पासून बदलीबद्दल आकार घेण्यास मनाई आहे.

दर वाढणें हें एक संकट. विक्रेताच नाहींसा होणें हें दुसरें. निर्व्हानिक्स नांवाच्या अमेरिकन साठवण कंपनीनें सप्टेंबर २०१३ मध्यें आपल्या ग्राहकांस सुमारें दोन आठवड्यांत सर्व माहिती उचलण्यास सांगितलें. पुढें मुदत थोडी वाढली, इतकेंच. ज्यांच्यापाशीं दुसरी प्रत होती त्यांस त्रास झाला. ज्यांच्यापाशीं नव्हती त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पनाच करावी.

आपल्याकडील कंपन्यांस तर हा प्रश्न कायद्यानेंहि बांधलेला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें हिशेबाचीं पुस्तकें आठ आर्थिक वर्षें जतन करावीं लागतात, आणि हिशेब संगणकावर असतील तर त्यांची प्रत भारतांतील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे. आतां वर्गणी थांबविल्यावर जुनें सॉफ्टवेअर उघडत नसेल, तर पांचव्या वर्षीं आलेल्या सरकारी विचारणेस उत्तर कशाच्या आधारें द्यावयाचें? यास्तव सेवा संपल्यानंतर माहिती किती दिवस ठेवणार, कोणत्या रूपांत देणार, बिलांस जोडलेले कागद त्यांत असणार कीं नाहीं, आणि दरवर्षीं भाडें फार तर किती वाढविणार, हें सही करण्यापूर्वीं लिहून घ्यावें. लेखी वचनापेक्षांहि एक प्रयोग मला अधिक विश्वासाचा वाटतो. चांचणीच्या पहिल्याच महिन्यांत शंभर बिलें भरावीं, तीं बाहेर काढावीं, आणि दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्यें घालून बेरीज जुळते का तें पाहावें. हा प्रयोग पुढें वर्षांतून एकदां करीत जावा.

याच्या उलट टोंकासहि कांहीं लोक जातात. एकच काम दोन कंपन्यांकडे एकाच वेळीं चालवावें, कोणाचेंच खास साधन वापरूं नये, असा सल्ला ते देतात. मोठ्या बँकेस तें शोभेल. दहा माणसांच्या पेढीस नाहीं. त्यांत दुप्पट भाडें आणि दुप्पट शिकणें. एखादें खास साधन खरोखर श्रम वाचवीत असेल, आणि सोडतांना किती खर्च येईल याचा अंदाज आधीं मांडला असेल, तर तें खुशाल वापरावें.

शेवटीं एक बाब, जी करारांत कोठेंच सांपडत नाहीं. क्लाउडवरील खातें पुष्कळ वेळां सल्लागार किंवा एखादा हुशार कारकून स्वतःच्या ई-मेलवरून उघडतो, आणि परवलीचा अंक त्याच्याच मोबाइलवर येतो. तो नोकरी सोडून गेला कीं विक्रेत्याशीं कांहींएक भांडण नसतां पेढी आपल्याच दप्तराबाहेर उभी राहते. मुख्य अधिकाराचें खातें पेढीच्या डोमेनवरील पत्त्यावर उघडावें, परवलीचा अंक मालकाच्या मोबाइलवर यावा, आणि अडचणीच्या वेळीं वापरावयाचे सांकेतिक अंक कागदावर उतरवून तिजोरींत ठेवावे.