कुमार गटाचा कप जिंकला, पुढे काय? महाड-पोलादपूरच्या पोरापोरींसाठी

हा भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल तर इथे वाचून काढा. एसटीत बसल्या बसल्या होईल.

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "आमची टीम जिंकली, फोटो आले, स्टेटस लागले. पण याचा पुढे काही उपयोग होतो का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे दहावी-बारावीचे मार्क आहेत, पोलीस भरती आहे आणि घरी "खेळून काय पोट भरणारे का" असं विचारणारी माणसं आहेत. म्हणून आज कबड्डीच्या पोरांच्या विजयाची दखल नेमकी कोण, कुठे आणि कशी घेतं, ते बघू.

आधी गावातली दखल. ती आपल्याला पाठ आहे. शिमगा झाला, गावदेवीची जत्रा आली, की मैदान आखलं जातं. हॅलोजन लागतात, मुंबईकर मंडळाची वर्गणी येते, कोणाच्या तरी वडिलांच्या नावाने 'स्मृतिचषक' ठरतो. भैरवनाथ, हनुमान, सोमजाई अशा नावांचे संघ उतरतात. पहाटे तीनला फायनल संपते. मग उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू, शिस्तबद्ध संघ अशी बक्षिसं वाटली जातात. ढाल डोक्यावर घेऊन पोरं गावात येतात, खालू बाजा वाजतो, गुलाल उडतो. दोन दिवसांनी ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ. ही दखल खोटी नाही. ज्या गावात तू वाढलास त्या गावाने तुझं नाव माईकवर घेतलं, याला मोल आहे.

फक्त एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती सांगायला कोणी पुढे येत नाही. अशा खुल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कितीही जाड कागदावर छापलेलं असलं, त्यावर कोणत्याही पुढाऱ्याची सही असली, तरी परीक्षेच्या वाढीव गुणांसाठी किंवा सरकारी नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी ते धरलं जात नाही. तिथे फक्त मान्यताप्राप्त स्पर्धा चालतात. कबड्डीत त्याचे मुख्य रस्ते दोन: एक शाळेचा, एक संघटनेचा.

शाळेचा रस्ता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून जातो. रायगडचं हे कार्यालय अलिबागला. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं आणि मुली वेगवेगळे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि शेवटी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. आपला विभाग मुंबई. म्हणजे जिल्हा जिंकला की समोर मुंबई, ठाणे, पालघर इथले संघ.

यात पोलादपूरकरांनी एक गोष्ट ओळखायला हवी. तालुका छोटा, शाळा कमी. पण जिल्ह्याला प्रत्येक तालुक्याचा विजेता जातो. म्हणजे पोलादपूरचा तालुका विजेता अलिबाग, पेण, रोह्याच्या विजेत्यांच्या बरोबरीने त्याच ड्रॉमध्ये उभा राहतो. अलिबाग-पेण-रोह्याकडे कबड्डीची परंपरा मोठी, तिथे तालुक्यातून बाहेर पडणंच अवघड. आपल्याकडे तालुका जिंकणं तुलनेने सोपं, पण पुढचा प्रवास लांब. पोलादपूरहून अलिबाग म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, तेही पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता, आणि सोबत जायला शाळेचे एकच सर. जिंकलेला संघ जिल्ह्याला पोचलाच नाही, असं घडायला गाडीभाड्याचा प्रश्नही पुरतो. माझं मत विचाराल तर गावाने ढालीवर जेवढा खर्च केला त्यातला थोडा या गाडीवर केला तर पोरांचं जास्त भलं होईल. असो.

दुसरा रस्ता संघटनेचा. तालुक्या-जिल्ह्याच्या कबड्डी असोसिएशन आणि त्यांच्या वर राज्य असोसिएशन. इथे वयोगटांची नावंच वेगळी. १६ वर्षांखालचे ते किशोर-किशोरी, २० वर्षांखालचे ते कुमार-कुमारी. वयासोबत वजनही बघतात. कुमार मुलांनाही वजनाची मर्यादा आहे. म्हणून वजनकाट्याच्या आदल्या रात्री काही पोरं जेवत नाहीत, आणि सकाळी चढाईला गेल्यावर पाय लटपटतात. तो वेडेपणा करू नका.

या रस्त्यावर बहुतेकांचा गोंधळ होतो तो एका गोष्टीवर. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत खेळतो तुमचा क्लब, म्हणजे संलग्न असलेला गावचा संघ. पण त्या स्पर्धेतून राज्याला जातो तो जिल्ह्याचा निवड संघ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा संघ पहिला आला तरी त्यातले दोघेच निवडले जातील, असं होऊ शकतं. आणि तुमचा संघ उपउपांत्य फेरीत हरला, पण तुझ्या पकडी निवड समितीच्या डोळ्यांत भरल्या, तर तू एकटा रायगडच्या जर्सीत जाशील. मैदानावर सात आणि राखीव धरून बारा जणांनी मिळवलेला विजय वर जाताना एकेकाचा होत जातो. यावरून मित्रांत रुसवेफुगवे होतात, क्लब फुटतात. पण नियम असा आहे हे आधीच माहीत असलं तर निदान "सरांनी त्याचंच नाव लावलं" हा आरोप तरी कमी होईल.

संघ 'संलग्न' आहे का, हे मात्र आजच विचारून घ्या. गावात दहा वर्षं खेळणारा, चार तालुक्यांत नाव असलेला संघ असोसिएशनकडे नोंदलेलाच नसेल तर जिल्हा स्पर्धेचं दार त्याच्यासाठी उघडत नाही.

आता थोडं लांब जाऊन येऊ. आयर्लंडमध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल असे दोन देशी खेळ आहेत. १८८४ मध्ये थर्ल्स गावी त्यांची संघटना स्थापन झाली. आपल्यासारखंच गावाच्या नावाने संघ, खेळाडूंना पगार नाही, सोमवारी सगळे आपापल्या कामावर. तिथे आपल्या कुमार गटासारखा 'मायनर' गट आहे. हर्लिंगची मायनर स्पर्धा १९२८ पासून आणि फुटबॉलची १९२९ पासून. आधी तो १८ वर्षांखालचा होता. २०१८ पासून १७ वर्षांखालचा केला. त्यामागचं एक कारण आपल्याला लगेच कळेल: त्यांच्या बारावीच्या परीक्षेशी टक्कर होत होती!

त्यांची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बरीच वर्षं मायनरची अंतिम लढत मोठ्यांच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर, आधी खेळवली जायची. त्या मैदानात ८२ हजार माणसं बसतात. कल्पना करा, सतरा वर्षांचं गावाकडचं पोरगं आणि समोर भरत चाललेलं ते मैदान. मायनर हर्लिंगच्या कपाला 'आयरिश प्रेस कप' म्हणतात. ज्या वर्तमानपत्राने तो दिला ते १९९५ मध्ये बंद पडलं, कप मात्र त्याच नावाने उचलला जातो. आपल्या स्मृतिचषकांची गोष्ट याहून वेगळी नाही.

आणि अगदी लहानांसाठी त्यांचं धोरण उलटं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फायनल नाही, कप नाही, सगळ्यांना खेळायला मिळालं पाहिजे एवढंच. आपल्याकडे पाचवीतल्या पोराच्या गळ्यात मेडल आणि बाकावर बसलेल्या पाच जणांच्या डोळ्यांत पाणी. मला त्यांचं बरोबर वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा.

परत आपल्याकडे. कागदाचा उपयोग नेमका कुठे होतो?

पहिला, दहावी-बारावीचे वाढीव गुण. मान्यताप्राप्त स्पर्धेची पातळी आणि तिथला क्रमांक बघून गुण ठरतात. पातळी वर तसे गुण जास्त. अर्ज तुम्ही थेट बोर्डाकडे करायचा नसतो. शाळा किंवा कॉलेज प्रस्ताव करतं, जिल्हा क्रीडा कार्यालय तपासतं, मग तो बोर्डाकडे जातो. याला मुदत असते, आणि ती परीक्षेच्या गडबडीत येते. त्यामुळे प्रॅक्टिकल चालू असतानाच खेळाच्या सरांच्या मागे लागायचं. लाजायचं नाही.

दुसरा, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. महाराष्ट्रात ते २००५ च्या शासन निर्णयाने आलं, १ जुलै २०१६ च्या निर्णयाने नियम नव्याने बांधले गेले. पद जितकं वरच्या गटातलं तितकी स्पर्धाही वरच्या पातळीची लागते. तालुका-जिल्ह्याचा विजय इथे पुरत नाही. आणि नुसतं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, त्याची पडताळणी विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्याकडून व्हावी लागते. ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली आहेत. त्यामुळे भरतीची जाहिरात यायची वाट बघत बसू नका. प्रमाणपत्र हातात पडलं की पडताळणीचं बघा.

तिसरा, खेलो इंडिया. युवा स्पर्धांतून आणि तिथल्या निवडीतून जे 'खेलो इंडिया खेळाडू' ठरतात त्यांना प्रशिक्षणासोबत महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो. सगळ्या विजेत्यांना नाही, निवडलेल्यांनाच.

यापुढे मग देशाचा संघ. ऑक्टोबर २०२५ मध्ये बहरीनच्या आशियाई युवा स्पर्धेत कबड्डीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि भारताच्या मुलांनी-मुलींनी दोन्ही सुवर्णपदकं आणली. १८ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी ही अगदी नवी शिडी आहे.

खो-खोवाले म्हणतील, आमचं काय? तुमच्याकडे एक सुंदर पद्धत आहे. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गटातल्या सर्वोत्तम खेळाडूला नावाचा पुरस्कार. किशोरांना भरत, किशोरींना इला. कुमारांना वीर अभिमन्यू, मुलींना जानकी. 'बेस्ट प्लेअर' लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुलीपेक्षा "त्याला वीर अभिमन्यू मिळालाय" हे ऐकायलाच भारी वाटतं.

आता मुलींबद्दल. गावच्या जत्रेतल्या स्पर्धा बहुतेक मुलांच्याच. मुलींचा सामना ठेवलाच तर 'प्रदर्शनीय'. शालेय स्पर्धेत मात्र जेवढे गट मुलांचे तेवढेच मुलींचे, आणि संघटनेतही किशोरी, कुमारी गट आहेतच. म्हणजे गुलालाच्या रस्त्यावर मुली मागे असल्या तरी कागदाच्या रस्त्यावर दोघांना दार सारखंच उघडं आहे. आपल्या भागात मुलीला अलिबागला मुक्कामी पाठवायला घरचे कां-कूं करतात हे खरं. तिथे "एक मॅच आहे" म्हणण्यापेक्षा "दहावीच्या गुणांत धरतात" हे वाक्य जास्त काम करतं. वापरून बघा.

शेवटी कागद जपण्याबद्दल, कारण या भागाचा सगळ्यात कामाचा तुकडा हाच.

प्रमाणपत्रावरचं नाव बोर्डाच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. गावात तुला बाळ्या म्हणतात म्हणून यादीत 'बाळा' लिहून दिलं, की पुढे ते नाव तुझंच आहे हे सिद्ध करत फिरावं लागतं. जन्मतारीखही तशीच. वय कमी दाखवून किशोर गटात घुसवणारे 'मार्गदर्शक' सगळीकडे असतात. तो कागद पुढे पडताळणीत शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवला जातो, आणि तेव्हा मार्गदर्शक फोन उचलत नाहीत.

प्रमाणपत्र मिळाल्या मिळाल्या त्यावर स्पर्धेचं पूर्ण नाव, पातळी, वयोगट, तारीख, ठिकाण, मिळालेला क्रमांक, सही-शिक्का आहे का ते बघा. काही राहिलं असेल तर तिथेच, त्याच दिवशी भरून घ्या. वर्षाने जाल तर अधिकारी बदललेले असतात.

आणि फोटो काढा. दोन्ही बाजूंचा, सरळ, सावली न पडू देता. मेलवर ठेवा, घरच्या कोणाच्या तरी फोनवरही ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये घराघरांत पाणी शिरलं तेव्हा पत्र्याच्या पेट्यांतली कागदपत्रं चिखल होऊन बाहेर आली. ढाल धुऊन पुन्हा शोकेसमध्ये लावता येते. प्रमाणपत्राची दुसरी प्रत मागायला गेलात तर कार्यालय आधी विचारतं की कोणती स्पर्धा, कोणतं वर्ष, प्रमाणपत्र क्रमांक काय. फोनमध्ये फोटो असला तर निदान या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील.

बरं, १५ जुलै लक्षात ठेवा. बुवा साळवींचा जन्मदिवस, राज्यभर कबड्डी दिन म्हणून साजरा होतो, खेळाडूंचे सत्कार होतात. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, तालुका स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. संघाची यादी, आधार, बोनाफाइड, वयाचा दाखला हे सगळं एका फाइलमध्ये लावायला तोच दिवस धरा. कॅप्टनवर ढकलू नका, त्याला आधीच चढाया कमी नसतात.