घर दूर, किल्ली जवळ

घरातील दिवे, पाण्याचा पंप व कॅमेरा आता परगावाहून मोबाईलवर चालविता येतात. ही सोय चांगलीच. परंतु ज्या वाटेने आपण घरात शिरतो त्याच वाटेने चोरही शिरू शकतो, याचा विसर पडता कामा नये.

पुष्कळजण त्यासाठी राऊटरमधील एक पोर्ट सर्वांना उघडे ठेवतात. अशी उघडी दारे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. २०१६ साली ‘मिराई’ने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली.

यावर आम्ही व्हीपीएनचा मार्ग सुचवितो. घरच्या छोट्या संगणकावर ‘वायरगार्ड’ ही मोफत प्रणाली बसवावी. घराची खासगी किल्ली घरात, मोबाईलची मोबाईलमध्येच राहते. देवाणघेवाण फक्त सार्वजनिक किल्ल्यांची होते. हिलाही एक पोर्ट लागतेच. परंतु अनोळखी किल्लीला ती उत्तरच देत नाही, त्यामुळे तेथे दार आहे हेही बाहेरच्यास कळत नाही.

मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. मोबाईल हरवल्यास त्याची किल्ली तात्काळ रद्द करावी.

वृद्ध आईवडिलांच्या खोलीतील कॅमेरा परक्याने पाहू नये, ही घरच्या अब्रूची बाब आहे. विद्यार्थी मित्रांनी हे काम शिकून आधी स्वतःच्या घरी, मग शेजाऱ्यांकडे करून द्यावे, ही आमची विनंती.