हमालाचा खांदा

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात आहे. ठाणाकुशनूरला रस्त्यालगतच्या एका आडतीपुढे लॉरी उभी आहे, मागचा फाळका उघडून तिला लाकडी फळी लावली आहे. दोघे जण दोन टोकांना धरून कट्टा उचलतात, तिसरा वाकून खाली शिरतो. कट्टा मानेच्या मुळाशी आणि उजव्या खांद्यावर नीट बसला की तो फळीवर पाय टाकतो. फळी लवते. वर गेल्यावर अंगाला हिसका देऊन कट्टा थप्पीवर टाकायचा आणि मोकळ्या अंगाने खाली उतरायचे.

माझी नजर त्या हिसक्यावर आहे. खांदा चढताना जात नाही, टाकताना जातो, असे इथले जुने हमाल सांगतात. हात डोक्याच्या वर, अंग वळलेले आणि वजन सुटायच्या बेतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी कमाल 55 किलोची मर्यादा आहे. 50 किलोचा कट्टा तिच्यात बसतो. दिवसात असे कट्टे किती आणि थप्पी किती उंच, हे त्या आकड्यात येत नाही.

ओट्यावर एक मामा कट्ट्यांची तोंडे शिवत बसले आहेत. वय चाळीस. मागच्या हंगामापर्यंत तेही याच फळीवर होते. मी हात वर करायला सांगतो. कोपर अंगापासून सुटते, अख्खा खांदा कानाकडे चढतो, हात मात्र छातीच्या रेषेत येऊन थांबतो. कपाळाचा घाम ते डाव्या हाताने पुसतात. दाभणही आता डाव्याच हातात आहे. टाके वेडेवाकडे पडतात.

“मामा, लागलं त्या दिवशी कुठं लिहून ठेवलं का?”

“कशाचं लिहून ठेवता अण्णा? रगत आलं नाही, हाड मोडलं नाही. तेल लावून घे म्हणाले, पैसे दिले थोडे. चार दिवसानं पुन्हा आलो कामाला, तवा हात उचलंना.”

मामांचा भाचा पिशवीतून कागद काढतो. एमआरआयच्या अहवालात खांद्याचा स्नायुबंध फाटल्याचे स्वच्छ लिहिले आहे. त्याआधीच्या केसपेपरवर मात्र दोनच शब्द आहेत: खांदा दुखतो. कट्टा टाकताना दुखावला, कुठल्या आडतीवर, कुठल्या तारखेला, यातले काहीच नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, मामांनी सांगितले नाही. भरपाईचा दावा असा दवाखान्यातच लंगडा होतो.

आत गादीवरचे मुनीम ऐकत आहेत. “हमाल आमचे नोकर नाहीत,” ते म्हणतात. “टोळी असते. आज आमच्याकडं, उद्या दुसऱ्याकडं. मुकादमाला विचारा.”

मुनीम मनाने वाईट नाहीत, पण हे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही. कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. लॉरीत माल भरणे-उतरवणे हे काम त्याच्या यादीत आहे. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द 2000 सालच्या दुरुस्तीने काढून टाकले. धंद्याचे काम मुकादमामार्फत करून घेतले, तरी जबाबदारी धंदेवाल्याकडे येते. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही तत्त्वे तिथेही आहेत.

मी भाच्याच्या वहीत हिशेब मांडतो. महिन्याची मजुरी 10,000 धरली, तर तिचे 60 टक्के म्हणजे 6,000. चाळिसाव्या वर्षाचा गुणांक 184.17. गुणाकार 11,05,020. कमाईची ताकद 20 टक्के गेली असे डॉक्टरांनी लिहून दिले, तर 2,21,004 रुपये. मामा दाभण खाली ठेवतात. आकडा भाच्याकडून पुन्हा वाचून घेतात.

अडचण त्या टक्क्यांची आहे. खांद्यापासून हात तुटला तर कायद्याच्या परिशिष्टात 90 टक्के छापलेले आहेत. आत फाटलेल्या स्नायुबंधासाठी तिथे ओळ नाही. डॉक्टरांचा दाखला लागतो. तो दाखला अंगापुरता नसतो, कामापुरता असतो. कोपराच्या वर हात गमावलेल्या सुताराचे नुकसान सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये शंभर टक्के मानले, कारण एका हाताने सुतारकी होत नाही. हात वर न जाणाऱ्या हमालाचे मोजमापही त्याच्या हमालीवरूनच व्हायला हवे.

उदगीरचे बाजारयार्ड इथून लांब नाही. तिकडे महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा आहे. सीमा ओलांडली की तो संपतो. इकडे कर्नाटकात असंघटित कामगार मंडळाकडे हमालांची नोंदणी होते, पण मामांकडे तिचे कार्ड नाही.

बाहेर पुढची लॉरी लागते आहे. एक पोरगेला हमाल फळीवर चढतो, वर हिसका देतो आणि उतरताना खांदा चोळतो. कुणी विचारत नाही.

दावा दाखल करायची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. मामांची ती अजून संपलेली नाही. हमालदादांनो, दवाखान्यात दुखणे सांगताना कुठे, कधी, काय उचलताना लागले हे सांगा आणि ते कागदावर उतरले की नाही ते बघूनच उठा. आडतदारांनो, ज्या वहीत तुम्ही कट्ट्यांचे वजन लिहिता, त्याच वहीत त्याच दिवशी दुखावलेल्या माणसाचे नाव आणि तारीख लिहा.