बोट ओढायचीय? आधी बेरीज करा

मी मिशिगनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. गेल्या उन्हाळ्यात एक जुनी, सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट घ्यायला निघालो होतो. माझी गाडी 1500 पाउंडांपर्यंत ओढू शकते आणि जाहिरातीत बोटीचं वजन होतं 700. म्हटलं, आरामात जमतंय!

पण ते 700 नुसत्या रिकाम्या बोटीचे. मग कागद घेऊन बसलो. इंजिन 250, ट्रेलर 450. पेट्रोल 12 गॅलन, गॅलनला साधारण 6 पाउंड, म्हणजे 72. बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी मिळून 150. एकूण 1622!

जास्त वजन सपाट रस्त्यावर ओढलं जातंही, पण उतारावर गाडी वेळेत थांबत नाही.

गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघा, हिचवर लिहिलेलीही बघा. जी कमी, तीच खरी. एकूण वजनाचा साधारण 10 टक्के भार हिचवर यावा. फारच कमी आला, तर ट्रेलर मागे डोलायला लागतो. शंका असेल तर ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर चढवा.

मी? ती बोट सोडली आणि बारा फुटी घेतली. मासे तेवढेच मिळतात!